दिवाळीचा हरवलेला पाहुणा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की आमच्या घरात एक जुना वाद नव्याने सुरू होतो. वादाचे कारण माळ्यावरची एक पत्र्याची पेटी. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, वाईच्या एका शाळेत मास्तर होते, आणि त्यांनी चाळीस वर्षे नेमाने रोजनिशी लिहिली. रात्रीची जेवणे उरकली, की कंदील जवळ ओढून चार ओळी लिहायच्या. कमी नाहीत, जास्त नाहीत. त्या साऱ्या वह्या या पेटीत आहेत. "अहो, यंदा तरी ही पेटी मोकळी करा. कागदांना कसर लागली. वाचणार कोण आहे ते?" असे आमच्या सौभाग्यवती दर दिवाळीला म्हणतात, आणि "पुढच्या दिवाळीला बघू" असे मी दर दिवाळीला म्हणतो. वाद तेवढ्यावर मिटतो आणि पेटी पुन्हा माळ्यावर जाते.

यंदा मात्र मी आपण होऊन शिडी लावली आणि दोन वह्या खाली काढल्या. एक १९३७ सालची, दुसरी १९४२ सालची. मला दोनच तारखा पाहायच्या होत्या.

पहिली तारीख २८ ऑक्टोबर १९३७, गुरुवार. अण्णांचे मोत्यासारखे अक्षर : "सहामाहीचे पेपर तपासून झाले. बाजारातून दोन डझन पणत्या आणल्या. सौ.ला बरे नाही. रात्री थंडी पडू लागली आहे." दोन दिवसांनी, शनिवारी : "मुलांनी किल्ल्यासाठी घाटावरून माती आणली, ओटा सगळा राड केला. तेलाचा डबा आला." आश्विनाचा वद्य पक्ष चालू होता. दिवाळी अगदी दाराशी आली होती. वाईच्या त्या ओट्यावर काय, की जगातल्या दुसऱ्या कोणत्या ओट्यावर काय, त्या शनिवारी कोणाला काही वेगळे जाणवले नाही. आणि तरी त्याच दिवशी एक पर्वतप्राय पाषाण आपल्या पृथ्वीपासून सुमारे ७,४०,००० किलोमीटरांवरून निघून गेला. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर असतो. म्हणजे हा पाहुणा चंद्राच्या दुपटीहून थोड्या कमी अंतरावरून, दार न ठोठावता, गेला.

या पाहुण्याचे नाव हर्मीस. तो आला कसा, हरवला कसा आणि ६६ वर्षांनी पुन्हा ऐन दिवाळीच्या दिवसांत सापडला कसा, याची हकिगत मला सांगायची आहे. मी खगोलशास्त्रातला पंडित नव्हे. जन्मभर मुलांना गणित शिकवले, एवढेच माझे भांडवल. पण ही हकिगत पंडितांपेक्षा गृहस्थांना अधिक समजेल अशी आहे, म्हणून धीर करतो.

*

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या मोकळ्या पट्ट्यात लक्षावधी लहानमोठे पाषाण सूर्याभोवती फिरत असतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यांतला पहिला, सिरीस, सिसिलीतल्या पालेर्मो येथे पियाझी नावाच्या धर्मगुरूने १ जानेवारी १८०१ या दिवशी पाहिला. आता यातली गंमत अशी, की हा पहिला लघुग्रहच सापडल्या सापडल्या हरवला होता. पियाझीने ४१ दिवस त्याचा माग ठेवला. मग तो स्वतः आजारी पडला आणि सिरीस सूर्याच्या तेजात बुडाला. पुढे तो कोठे उगवणार, हे कोणाला सांगता येईना. तेव्हा गाउस नावाच्या चोवीस वर्षांच्या जर्मन तरुणाने त्या तुटपुंज्या नोंदींवरून कक्षा काढण्याची नवी रीत बसवली, आणि त्याने दाखवलेल्या जागेच्या अगदी जवळ, वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला सिरीस पुन्हा दिसला. आकाशात हरवलेली वस्तू गणिताने परत आणता येते, हे माणसाला तेव्हा प्रथम कळले.

पण गणिताला शिधा लागतो, आणि तो म्हणजे नोंदी. रस्त्याने जाणारा एखादा माणूस आपण खिडकीतून क्षणभर पाहिला, तर तो कोणत्या गावाहून आला आणि कोणत्या गावी जाणार, हे कसे सांगणार? तोच माणूस वेशीपासून देवळापर्यंत चालताना पाहिला, मधे कोणत्या गल्लीला वळला हे पाहिले, तर थोडा अंदाज करता येतो. सिरीस एकेचाळीस दिवस दिसला आणि तो मुळात संथ चालणारा. हर्मीस दिसला तो पाचाहून कमी दिवस, आणि तेही धावत जाताना. येथेच सगळी गोम आहे.

तो पाहिला कार्ल राइनमुथ यांनी. जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरामागे एक टेकडी आहे, तिच्यावर वेधशाळा आहे. त्याच शहरात मॅक्स वोल्फ नावाच्या ज्योतिर्विदाने १८९१ साली लघुग्रह धरण्याची एक सोपी आणि नामी युक्ती काढली होती. दुर्बिणीला छायाचित्राची काच लावायची, आणि दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने हळूहळू फिरवत राहायची. तारे काचेवर ठिपक्यांसारखे उमटतात. पण एखादा लघुग्रह त्या भागात असेल, तर तो मधल्या वेळात थोडा सरकतो आणि ठिपक्याऐवजी लहानशी रेघ उमटते. पुढचे काम डोळ्यांचे. हजारो ठिपक्यांतून एक रेघ शोधून काढायची. गव्हातले खडे वेचावेत तसे, पण येथे खडा हाच माणिक.

राइनमुथ यांनी हे निवडण्याचे काम जन्मभर केले. १८९२ साली जन्मलेल्या या माणसाच्या नावावर जवळजवळ चारशे लघुग्रहांचे शोध आहेत. त्यांतले बहुतेक आपल्या पट्ट्यात राहून मुकाट्याने फिरणारे, सभ्य लघुग्रह. पण २८ ऑक्टोबर १९३७ च्या काचेवर त्यांना जी रेघ दिसली, ती लांबलचक होती. रेघ लांब, याचा अर्थ वेग मोठा. आणि आकाशात दिसणारा वेग मोठा, याचा अर्थ वस्तू अगदी जवळ. आगगाडीच्या खिडकीतून दूरचा डोंगर हलत नाही, पण रुळालगतचा तारेचा खांब सर्रकन मागे जातो, तसेच हे. निरनिराळ्या वेधशाळांच्या काचा धुंडाळल्या, तेव्हा आणखी काही नोंदी हाती आल्या. पण सगळ्या मिळून पाच दिवसही भरेनात. मग पाहुणा उजेडाच्या बाजूला, दिवसाच्या आकाशात शिरला, आणि संपले. ३० ऑक्टोबरला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. पुन्हा रात्रीच्या आकाशात तो येईल तेव्हा तो कोठे असेल, हे सांगण्याइतकी कक्षा काढणे कोणालाच साधले नाही.

वर्तमानपत्रांना मात्र गणिताची वाट पाहावी लागत नाही. पृथ्वी काही तासांच्या फरकाने बचावली, अशा बातम्या लवकरच झळकल्या. यात खरे किती, हे आपणही ताडून पाहू शकतो. पृथ्वी आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर चालते. सात लाख चाळीस हजार भागिले तीस केले, तर साधारण पंचवीस हजार सेकंद येतात. म्हणजे जवळजवळ सात तास. आपली पृथ्वी सात तासांत जेवढी वाट चालते, तेवढेच अंतर मधे होते. याचा अर्थ सात तासांनी टक्कर झालीच असती असा नव्हे. पण विश्वाच्या पसाऱ्यात सात तास म्हणजे उंबरठ्याला पाय लागण्यासारखेच. त्यापूर्वी कोणताही लघुग्रह इतक्या जवळून जाताना माणसाने पाहिला नव्हता, आणि पुढे १९८९ पर्यंत हा विक्रम त्याच्याच नावावर राहिला.

अशा आडवाटेने फिरणाऱ्या लघुग्रहांना पुरुषदेवतांची नावे देण्याची त्या काळी रीत होती. १८९८ साली सापडलेला ईरॉस, राइनमुथ यांनीच १९३२ साली पाहिलेला अपोलो, १९३६ साली बेल्जियमच्या देलपोर्त यांना दिसलेला अडोनिस. त्याच पंगतीत याला हर्मीस हे नाव मिळाले. हर्मीस म्हणजे ग्रीकांच्या देवांचा निरोप्या, पायांना पंख असलेला. आपल्याकडचा नारदच म्हणा ना! त्रिलोकांत संचार, घटकाभर टेकायचे नाही, आणि जाताना घरात थोडी खळबळ उडवून द्यायची. ग्रीकांचा हर्मीस वाटसरूंचा देव होता, तसाच चोरांचाही होता. हे दुसरे पद या लघुग्रहाला फार शोभले. कारण लघुग्रहाची कक्षा पक्की ठरली, की त्याला अनुक्रमांक मिळतो. हर्मीसला नाव होते, क्रमांक नव्हता. बारसे झाले आणि बाळ पाळण्यातून नाहीसे झाले, अशी ही गत.

*

आता दुसरी वही. तारीख २६ एप्रिल १९४२, रविवार.

ते दिवस कसे होते, हे आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. जपानी विमानांनी ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम् व काकिनाडा येथे बॉम्ब टाकले होते. मुंबईत दिव्यांना काळे कागद लागले होते, आणि ज्यांना गाव होते अशी पुष्कळ माणसे बायकामुलांना गावी पोचवीत होती. तिकडे युरोपात त्याच आठवड्यात जर्मनीचे रोस्टॉक आणि इंग्लंडचे बाथ ही जुनी शहरे बॉम्बखाली जळत होती. अण्णांची वही सांगते : "मुंबईहून अक्का तिन्ही मुलांना घेऊन आली, तिकडे बॉम्बची धास्ती. विहिरीचे पाणी उतरले. रात्री सगळी अंगणात निजलो. मुले आभाळाकडे बघून विमान आले का म्हणून विचारीत होती."

माझा जन्म यानंतरचा. पण ही ओळ वाचताना ते अंगण मला दिसते. वैशाखाचा शुद्ध पक्ष, चंद्र रात्रीच्या पहिल्या प्रहरी डोक्यावर. घोंगड्या टाकून ओळीने निजलेली आत्येभावंडे, आणि आभाळाचे भय. सारे जगच त्या रात्री आभाळाकडे बघत होते. पण बघत होते ते विमानांसाठी.

आज गणित असे सांगते, की त्याच दिवशी हर्मीस पुन्हा आला होता. या खेपेला तो १९३७ पेक्षाही जवळून, चंद्राच्या अंतराच्या दीडपटीहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ६,३४,००० किलोमीटरांवरून गेला. ओळखीचा पाहुणा, ज्याला पाच वर्षांपूर्वी नाव दिले होते, जो कोठे गेला म्हणून ज्योतिर्विद हळहळत होते, तो आला आणि गेला, आणि जगातल्या एकाही माणसाला त्याचा पत्ता लागला नाही. नुसत्या डोळ्यांना तो दिसण्यासारखा नव्हताच. अंगणातल्या मुलांकडून चूक झाली असे कोणी म्हणणार नाही. पण मला राहून राहून वाटते, की माणसांनी माणसांवर जे आग ओकणारे आभाळ उभे केले होते, त्याच्या पलीकडे खरे आभाळ आपल्या चालीने चालले होते, आणि त्याला आपल्या युद्धाची खबरही नव्हती.

हे एप्रिल आणि ऑक्टोबर असे का, याचे उत्तर हर्मीसच्या कक्षेत आहे. ते थोडे समजून घेतले, तर फराळाइतकेच गोड लागेल.

पृथ्वीची वाट जवळजवळ गोल आहे, सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरांवर. हर्मीसची वाट लांबट अंड्यासारखी. सूर्याच्या जवळ येतो तेव्हा तो ९ कोटी ३० लाख किलोमीटरांवर, म्हणजे शुक्राच्याही आत असतो. दूर जातो तेव्हा ४० कोटी किलोमीटरांवर, मंगळाला मागे टाकून थेट लघुग्रहांच्या मूळ पट्ट्यात. एका फेरीला त्याला दोन वर्षे आणि सुमारे दीड महिना लागतो. शिवाय ही वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे सहा अंशांनी कललेली आहे. म्हणजे एक गोल बांगडी आणि एक दबलेली बांगडी एकमेकींत तिरक्या अडकवाव्यात, तसे. अशा दोन बांगड्यांच्या पातळ्या दोन ठिकाणी छेदतात. साधारणपणे या दोन छेदांपैकी एक फार आत, दुसरा फार बाहेर पडतो. हर्मीसचे वैशिष्ट्य हे, की त्याचे दोन्ही छेद सूर्यापासून जवळजवळ पृथ्वीइतक्याच अंतरावर आहेत. आणि आपली पृथ्वी त्यांतल्या एका ठिकाणी पोचते ऑक्टोबरच्या अखेरीस, दुसऱ्या ठिकाणी एप्रिलच्या अखेरीस. एक चौक दिवाळीच्या सुमारास, दुसरा भर उन्हाळ्यात.

चौक दोन असले, तरी दर वर्षी भेट होत नाही. पृथ्वी चौकात येते तेव्हा हर्मीस बहुधा कोठेतरी कोट्यवधी किलोमीटर दूर असतो. दोघांची वेळ जुळली, तरच गाठ. आणखी एक भेद असा. दिवाळीच्या चौकात हर्मीस बाहेरून सूर्याकडे चाललेला असतो. म्हणून तो प्रथम आपल्या रात्रीच्या आकाशात दिसतो आणि मग उजेडात नाहीसा होतो. राइनमुथ यांना तो दिसला आणि लगेच निसटला, त्याचे कारण हेच. उन्हाळ्याच्या चौकात तो सूर्याकडून परत येत असतो. सूर्याच्या झगमगाटातून, पाठीमागून यावे तसा तो येतो. तो आला आहे हे कळावे कसे? १९४२ साली तो असाच आला, आणि मग अंगणात निजलेल्यांच्या माथ्यावरून रात्रीच्या आभाळात दूर निघून गेला.

*

वर्षे लोटली. अपोलो १९७३ साली पुन्हा सापडला. तेव्हा राइनमुथ ८१ वर्षांचे होते, त्यांना ते पाहता आले. अडोनिस १९७७ साली सापडला. राहिला तो एकटा हर्मीस. १९७९ साली राइनमुथ निवर्तले. त्यांच्या हातून निसटलेली ती रेघ त्यांना पुन्हा दिसली नाही. या साऱ्या काळात हर्मीस सूर्याभोवती तीसेक फेऱ्या मारून गेला. कधी पृथ्वीने, कधी शुक्राने त्याला जवळून जाताना थोडे ओढले, थोडे ढकलले. प्रत्येक धक्क्याने पुढचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा झाला. आज नेमके कोठे शोधावे, हे १९३७ च्या त्या चार-पाच दिवसांच्या नोंदींवरून सांगणे कोणाच्याही आवाक्यात नव्हते.

मग आला २००३ चा ऑक्टोबर. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफजवळ लॉवेल वेधशाळेची एक लघुग्रहशोध मोहीम तेव्हा चालू होती. ती पुढे २००८ साली बंद झाली. तेथे १५ तारखेला ब्रायन स्किफ यांना एक चांगलीच तेजस्वी, सरकती वस्तू दिसली. लघुग्रहांच्या नोंदी जेथे एकत्र येतात, त्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या केंद्रातील टिमोथी स्पार यांनी अलीकडच्या इतर नोंदींशी ती जुळवून पाहिली. कक्षा बसू लागली, आणि ती ओळखीची वाटू लागली. मग कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह चेस्ली आणि पॉल चोडास यांनी ही कक्षा संगणकावर उलटी, मागे मागे चालवली. २००३ वरून १९९०, १९७०, १९५० अशी. वाटेतले पृथ्वीचे आणि शुक्राचे सगळे हिसके हिशेबात धरून शेवटी ते १९३७ च्या ऑक्टोबरपर्यंत पोचले. आणि तेथे कोण उभे होते? राइनमुथ यांची रेघ. ती नोंद जागेवर होती, म्हणूनच ओळख पटली. १९४२ ची चुकलेली भेटही याच उलट्या प्रवासात उघडकीला आली. ६६ वर्षांनी बाळाला क्रमांक मिळाला : ६९२३०.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २५ ऑक्टोबरच्या सुमारास होते. ४ नोव्हेंबरला हर्मीस सुमारे ७० लाख किलोमीटरांवरून गेला. अंतर पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठे. पण आता वाट पाहणारे तयार होते. पोर्टो रिको बेटावरची आरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची प्रचंड थाळी (ती पुढे १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली) आणि कॅलिफोर्नियातली गोल्डस्टोनची थाळी यांनी त्याच्यावर रडारच्या लहरी सोडल्या आणि परत आलेले प्रतिध्वनी ऐकले. झाँ-ल्यूक मार्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रतिध्वनी उलगडले, तेव्हा साऱ्यांनी तोंडात बोट घातले. हर्मीस एक नव्हता, दोन होते!

दोन पाषाण, जवळजवळ सारख्याच आकाराचे : एकाचा व्यास सुमारे ६३० मीटर, दुसऱ्याचा ५६०. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. तसे सात एकावर एक ठेवावेत, एवढा थोरला भाऊ. दोघांच्या मध्यांतले अंतर अवघे १,२०० मीटर, म्हणजे मधली मोकळी जागा त्यांच्या स्वतःच्या रुंदीएवढीच. ते दोघे सुमारे चौदा तासांत एकमेकांभोवती एक फेरा घेतात, आणि तेवढ्याच वेळात स्वतःभोवतीही एकदा फिरतात. त्यामुळे दोघांची तोंडे सदैव एकमेकांकडे. आपला चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो, पण पृथ्वी मात्र चंद्राला सगळ्या बाजू दाखवते. येथे दोघेही समोरासमोर. नागपंचमीला दोन सारख्या वयाच्या पोरी हात धरून, तोळ सावरून फुगडी घालतात ना? तीच ही फुगडी, कोणाचाही पाय न घसरता चाललेली. असे जोडपे कसे जन्मते, याचे आज मान्य असलेले उत्तरही सुंदर आहे. असे लहान लघुग्रह पुष्कळदा एकसंध खडक नसून दगडधोंड्यांची सैल रास असतात. सूर्याचे ऊन त्यांच्यावर पडते आणि ती उष्णता परत बाहेर जाताना किंचित रेटा देते.  पण हा रेटा लाखो वर्षे चालला, की रास भोवऱ्यासारखी जोरात फिरू लागते आणि एक दिवस फुटून तिचे दोन होतात. नुसत्या उन्हाने डोंगर फोडला, असे म्हणायला हरकत नाही.

*

"पण हा आपल्यावर आदळला असता तर?" हा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. उत्तरासाठी दूर जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खळगा आहे. विष्णूने लवणासुराला मारले ती ही जागा, असे तेथले लोक सांगतात, आणि दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ गावात उभे आहे. आभाळातून पडलेल्या पाषाणाने तो खळगा खणला, हे १९७३ साली तिथल्या खडकांच्या अभ्यासावरून पक्के झाले. लोणारचा तो पाषाण हर्मीसच्या मानाने फारच लहान होता. बाकीचे अनुमान वाचकांनीच करावे. रशियात चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे २० मीटरांचाच एक धोंडा हवेत फुटला, तर तावदाने फुटून दीडेक हजार माणसे जखमी झाली. तोही सूर्याच्या बाजूनेच आला होता, म्हणून आधी कोणाला दिसला नव्हता.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. हर्मीसची वाट आता ठाऊक आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्याच्यापासून पृथ्वीला धोका नाही, असे गणित सांगते. पृथ्वीच्या आसपास फिरकणारे पस्तीस हजारांहून अधिक लघुग्रह आज नोंदवहीत आहेत. इतकेच नव्हे, तर २०२२ साली घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे २७ सप्टेंबरला, माणसाने धाडलेले एक यान अशाच एका जोडीतल्या धाकट्या पाषाणावर मुद्दाम आदळवले गेले. त्या पाषाणाच्या बारा तासांच्या फेऱ्यात सुमारे अर्ध्या तासाचा फरक पडला. आभाळातला धोंडा माणसाला सरकवता येतो, हे सिद्ध झाले. पण सरकवायचा तर आधी तो दिसला पाहिजे, आणि दिसला तर लिहून ठेवला पाहिजे.

मला या हकिगतीत सगळ्यांत मोठे वाटते ते हेच. संगणक मोठे, रडार मोठे. पण राइनमुथ यांनी ती रेघ मोजून, तारीख-वेळ घालून ठेवली नसती, तर २००३ साली सापडलेला पाषाण हा आणखी एक नवा पाषाण ठरला असता. हरवलेला हर्मीस हरवलेलाच राहिला असता, आणि १९४२ ची ती रात्र कोणाला कधीच कळली नसती. नोंद करणाऱ्याला तिचा उपयोग कोणाला आणि केव्हा होणार, हे ठाऊक नसते. ती जन्मभर उपयोगाला आली नाही, तरी तो ती नीटच करतो.

दोन्ही वह्या घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. सौभाग्यवती अनारशांचे पीठ मळत होत्या. त्यांना ही सगळी हकिगत सांगितली आणि १९४२ च्या एप्रिलातल्या त्या चार ओळी वाचून दाखवल्या. विहिरीचे पाणी, मुंबईची अक्का, अंगणातली मुले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या तिघांतले धाकटे म्हणजे आपले दादरचे बापू ना? गेल्या वर्षी गेले ते?" मी हो म्हटले.

हात धुऊन, पदराला पुसत त्या म्हणाल्या, "पेटी राहू दे वर. पण ठेवण्याआधी आत कडुलिंबाचा पाला घाला, आणि या दोन वह्या वरच ठेवा. बापूंची मुले दिवाळीला यायची आहेत, त्यांना दाखवू."